चिमुकल्या मोटारी, नियमांची मोठी कसोटी

रिमोट कंट्रोलची मोटार म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वाढदिवसाला भेट मिळालेले आणि आठवडाभरात माळ्यावर जाऊन पडलेले खेळणे उभे राहते. अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये मात्र अशा मोटारींच्या शर्यती हा अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालत आलेला छंद आहे. त्याला आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, जागतिक स्पर्धा आहेत, जाडजूड नियमावल्या आहेत. आणि जिथे नियम आले तिथे पळवाटाही आल्या, हे ओघानेच आले.

गंमत म्हणजे या शर्यतींत जिंकण्यासारखे फारसे काही नसते. मूठभर नामवंत चालकांना उत्पादक कंपन्यांचे पाठबळ मिळते. बाकीचे स्पर्धक रविवारची सुटी आणि खिशातले पैसे खर्चून येतात. क्लबच्या शर्यतीत विजेत्याच्या हाती पडते ती एक छोटीशी ढाल किंवा नुसत्याच टाळ्या. तरीही मोटारीचे वेढे बदलणे, इंधनाची टाकी फुगवणे, बॅटरी मर्यादेपलीकडे चार्ज करणे असे प्रकार या छंदात वर्षानुवर्षे होत आले आहेत. इथे पोलीस नाहीत, पगारी पंच नाहीत, बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळाही नाही. अशा जागी नियम टिकतात कसे, हा प्रश्न या छंदापुरता मर्यादित नाही. गृहनिर्माण सोसायटीपासून गल्लीतल्या क्रिकेटपर्यंत, जिथे जिथे माणसे स्वतःच नियम करतात आणि स्वतःच पाळतात, तिथे तो लागू पडतो.

खेळाची घडण

इटलीतील ‘एल-जी’ या कंपनीने १९६६ च्या सुमारास रेडिओवर चालणारी फेरारी बाजारात आणली. अमेरिकेत ‘रिमोटली ऑपरेटेड ऑटो रेसर्स’ म्हणजेच ‘रोअर’ ही संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली. जपानच्या तामिया कंपनीची पोर्शे ९३४ ही मोटार १९७६ मध्ये आली आणि हा छंद सामान्य घरांपर्यंत पोहोचला. आज ‘इफमार’ हा जागतिक महासंघ असून युरोपची ‘एफ्रा’, उत्तर अमेरिकेची ‘रोअर’ आणि अतिपूर्वेची ‘फेमका’ या त्याच्या प्रमुख घटक संघटना आहेत.

मोटारी प्रमाणानुसार ओळखल्या जातात. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची विजेवर चालणारी मोटार सर्वांत लोकप्रिय. एक अष्टमांश आकाराच्या बग्गीला ३.५ सीसीचे छोटे इंजिन असते. विजेच्या मोटारींची शर्यत साधारण पाच मिनिटांची, तर इंजिनच्या बग्गीची अंतिम फेरी पाऊण तास ते तासभर चालते. चालक उंच मचाणावर उभे राहून मोटारी हाकतात. उलटलेली मोटार सरळ करण्यासाठी मार्गावर मार्शल उभे असतात. हे मार्शल कुणी नेमलेले सेवक नसतात. एका गटातील शर्यत संपली की त्याच गटातील चालकांनी पुढच्या गटासाठी मार्शल म्हणून उभे राहायचे, असा रिवाज आहे. जो हे काम टाळतो, त्याची त्या दिवसातील एखादी फेरी रद्द होते. प्रतिस्पर्ध्याची उलटलेली मोटार आपल्याच हाताने सरळ करून द्यायची, या विश्वासावर हा सारा डोलारा उभा आहे.

‘स्टॉक’ वर्गाचे दुखणे

लबाडीच्या बहुतेक कहाण्या एकाच वर्गाभोवती फिरतात. तो वर्ग म्हणजे ‘स्टॉक’. ज्याला वाटेल तितकी वेगवान मोटर बसवण्याची मुभा आहे त्या ‘मॉडिफाइड’ वर्गात फसवणुकीला फारसा वाव नसतो. कारण तिथे वेग मिळवण्यापेक्षा तो आवरणे अवघड असते. स्टॉक वर्ग मात्र नवशिक्यांसाठी आणि बेताच्या खिशासाठी निर्माण झाला. सर्वांची मोटर सारखी, मग जिंकेल तो चालवण्याच्या कौशल्यावर, अशी त्यामागची भूमिका. पण सर्वांची शक्ती सारखी असते, तेव्हा किंचित जास्त शक्तीलाही फार मोल येते.

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात पंख्याची मोटर गुंडाळताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन कळेल. तांब्याच्या तारेचे वेढे जितके कमी, तितकी मोटर जास्त वीज ओढते आणि जोरात फिरते. जुन्या कार्बन ब्रशच्या काळात स्टॉक मोटरला २७ वेढे असावेत, तार ठरावीक जाडीची असावी आणि टायमिंग पक्के बांधलेले असावे, असा नियम होता. टायमिंग म्हणजे फिरणाऱ्या भागाला वीज नेमक्या कोणत्या क्षणी मिळते ते. स्कूटरचे टायमिंग थोडे पुढे केले की तिची चाल बदलते, तसाच हा प्रकार.

मग लबाडी कुठे? कुणी एखादा वेढा कमी करी, कुणी किंचित जाड तार वापरी, कुणी पत्रा दुमडून बंद केलेले कवच उघडून झाकण दोन-चार अंशांनी फिरवी आणि पत्रा पुन्हा पूर्ववत दाबून ठेवी. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नसे. वेढे मोजायचे तर मोटर उघडावी लागे आणि सीलबंद मोटर उघडली की ती वाया जाई. म्हणजे संशय खोटा ठरला, तरी भुर्दंड प्रामाणिक माणसालाच. साहजिकच तपासणी क्वचित होई आणि कुजबुज मात्र रोज.

याहून अवघड होती ती नियमात बसणारी असमानता. एकाच खोक्यातून निघालेल्या, कुणीही हात न लावलेल्या दोन मोटरी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. पैसेवाला स्पर्धक डझनभर मोटरी विकत घेई, यंत्रावर लावून पाही आणि त्यातली सर्वांत जोरकस तेवढी ठेवून घेई. नवी मोटर पाण्यात बुडवून फिरवली की कार्बन ब्रश लवकर बसतात, ही युक्तीही सर्वश्रुत होती. यांपैकी कशानेही नियमाचे अक्षर मोडत नव्हते. पण बेताच्या खिशासाठी काढलेल्या वर्गाचा मूळ हेतू मात्र कधीच मागे पडला होता.

लुकलुकणारा दिवा

या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रशलेस मोटरी आल्या आणि अनेकांना वाटले, आता सुंठीवाचून खोकला जाईल. या मोटरीत झिजणारे कार्बन ब्रश नाहीत. स्टॉक वर्गासाठी १७.५ वेढ्यांची मोटर रूढ झाली. तिच्या गुंडाळीचा विद्युतरोध सूक्ष्म मापकाने बाहेरूनच मोजता येतो. वेढे कमी केले किंवा तार जाड वापरली की तो घटतो. आतला चुंबक काढून त्याचा व्यास कॅलिपरने तपासता येतो. मोटर न बिघडवता तपासणी शक्य झाली, ही मोठीच सोय होती.

पण लबाडीने आता जागा बदलली. ब्रशलेस मोटरला केव्हा आणि किती वीज द्यायची हे स्पीड कंट्रोलर ठरवतो आणि हा कंट्रोलर म्हणजे एक छोटा संगणकच असतो. २००९-१० च्या सुमारास उत्पादकांनी वेग वाढेल तसे टायमिंग आपोआप पुढे नेणारी सॉफ्टवेअर आणली. यात चोरी काहीच नव्हती. त्या वेळी नियमावलीत याला मनाई नव्हती. परिणाम मात्र असा झाला की १७.५ ची ‘साधी’ मोटार वरच्या वर्गांतल्या मोटारींची बरोबरी करू लागली. मोटरी तापून जळू लागल्या, नवशिका पुन्हा मागे पडला.

संघटनांनी मग स्टॉक वर्गात टायमिंग वाढवणारे सॉफ्टवेअर बंद ठेवणे सक्तीचे केले. ते बंद आहे हे पंचांना ओळखता यावे, म्हणून कंट्रोलरवरील दिवा लुकलुकत राहील अशी व्यवस्था झाली. चालकांनी या प्रकाराला ‘ब्लिंकी’ हे लाडके नाव दिले. मोटार हातात घेतली, दिवा लुकलुकतो आहे ना पाहिले, की तपासणी पूर्ण. युक्ती सुटसुटीत होती, पण तिच्यात एक मूलभूत उणीव होती. दिवा लुकलुकवणारे सॉफ्टवेअरही त्याच कंट्रोलरमधले. कुंपणानेच शेत खायचे ठरवले, तर दिव्याकडे पाहून काय कळणार? म्हणून मान्यताप्राप्त कंट्रोलरच्या याद्या तयार झाल्या. एखाद्या मॉडेलची कोणती सॉफ्टवेअर आवृत्ती चालेल हेही अशा याद्यांत नमूद होऊ लागले.

ही अडचण चिमुकल्या मोटारींपुरतीच नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. १९९४ मध्ये फॉर्म्युला वनच्या बेनेटन संघाच्या गाडीतील संगणकात, त्या वर्षी बंदी असलेल्या ‘लाँच कंट्रोल’चा भाग सापडला होता; पण तो शर्यतीत वापरला गेला, हे सिद्ध होऊ शकले नाही. कोट्यवधी डॉलरच्या खेळात जे जमले नाही, ते क्लबच्या मैदानात टेबल टाकून बसलेल्या स्वयंसेवकाला जमावे, ही अपेक्षाच अवाजवी.

बॅटरी आणि इंधन : इथे प्रश्न सुरक्षेचा

काही नियम बरोबरीसाठी असतात, काही जिवाच्या काळजीपोटी. बॅटरीचा नियम दोन्हींसाठी आहे. पूर्वी सहा सेलची निकेल-कॅडमियमची आणि पुढे निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी असे. आता लिथियम पॉलिमर बॅटरी सर्रास वापरतात. तिच्या एका सेलची पूर्ण चार्ज मर्यादा ४.२० व्होल्ट, म्हणून दोन सेलच्या बॅटरीची ८.४० व्होल्ट. शर्यतीपूर्वी व्होल्टमापक लावून हा आकडा पाहिला जातो. मर्यादेपलीकडे चार्ज केल्यास सुरुवातीला थोडा जोर अधिक मिळतो, पण अशी बॅटरी फुगते आणि प्रसंगी पेट घेते. बंद दालनात शेजारी-शेजारी टेबले मांडून बसलेल्या माणसांत आणि मुलांत असा भडका उडाला तर काय होईल, याची कल्पना करता येते. बॅटरीला कठीण कवच असावे आणि ती आगरोधक पिशवीत ठेवूनच चार्ज करावी, असा आग्रह याच कारणाने धरला जातो.

इंजिनच्या बग्गीत प्रश्न टाकीचा असतो. एक अष्टमांश बग्गीची टाकी १२५ सीसीहून मोठी असता कामा नये. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळीही या मापात धरली जाते. याचे कारण समजून घेण्यासाठी साधा हिशेब पुरे. १२५ सीसी इंधनात मोटार नऊ मिनिटे धावली, तर दर सीसीला चार सेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो. टाकीत चोरून पाच सीसी जास्त मावले, तर वीसएक सेकंदांची कमाई. तासाभराच्या अंतिम फेरीत तेवढ्यानेही इंधन भरण्याचा एक थांबा वाचू शकतो. प्लॅस्टिकची टाकी उष्णतेने प्रसरण पावते, त्यामुळे ती थंड झाल्यावरच मोजायची की नाही, यावरूनही वाद झडतात.

नळी मापात का धरायची, याचे उत्तर अमेरिकेच्या नॅसकार शर्यतींच्या इतिहासात आहे. तेथील विख्यात मेकॅनिक स्मोकी युनिक याने स्वतःच सांगितलेल्या हकिकतीनुसार, त्याने आपल्या गाडीला तब्बल ११ फूट लांब आणि दोन इंच व्यासाची इंधननळी बसवली होती. नियम टाकीच्या मापाबद्दल बोलत होता, नळीबद्दल गप्प होता. पळवाट सापडली की ती बुजवणारे एक कलम वाढते. नियमावल्या जाडजूड होतात त्या अशा.

इंधनात मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमीथेन यांचे मिश्रण असते. नायट्रोमीथेन जास्त तर शक्ती जास्त. ते मिथेनॉलपेक्षा बरेच जड असल्याने घनतामापक नळी बुडवून त्याच्या प्रमाणाचा अंदाज घेता येतो. युरोपात या घटकाला आणखी एक बाजू आहे. स्फोटकांच्या निर्मितीत त्याचा वापर होऊ शकत असल्याने, युरोपीय संघाच्या २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार, वजनी १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमीथेन असलेले इंधन सामान्य नागरिकाला परवान्याशिवाय मिळत नाही. याखेरीज अग्निबाणाच्या इंधनात वापरल्या जाणाऱ्या हायड्रॅझिनसारख्या विषारी द्रव्याचा थेंबभर मिसळ करण्याचा मोह काहींना होतो, अशी चर्चा या छंदात जुनी आहे. असे मिश्रण नियमबाह्य तर आहेच, पण ते हाताळणाऱ्याच्या आणि धूर हुंगणाऱ्या प्रत्येकाच्या प्रकृतीशी खेळ आहे.

चाके, वजन आणि अदृश्य हात

डांबरी मार्गावर किंवा गालिच्यावर धावणाऱ्या मोटारींच्या टायरना पकड वाढवणारे द्रव लावतात. सांधेदुखीच्या मलमांना ज्या गंधपुरा तेलाचा उग्र दर्प असतो, त्यातलाच घटक अशा जुन्या द्रवांत सर्रास असे. बंद दालनातील हवा त्याने कोंदून जाई. अनेक आयोजकांनी त्यामुळे केवळ बिनवासाचे द्रव किंवा आपण पुरवलेलेच द्रव वापरण्याचे बंधन घातले. रात्रभर द्रवात मुरवून ठेवलेले टायर आणू नयेत, म्हणून मोठ्या स्पर्धांत टायरही आयोजकच देतात आणि त्यांवर खूण करून ठेवतात.

वजनाचा नियम सर्वांत सोपा. एक अष्टमांश बग्गी किमान ३,२०० ग्रॅमची हवी. पण शर्यतीपूर्वी वजन करून उपयोग नसतो. काट्यावर जड बॅटरी किंवा शिसे ठेवून नंतर ते काढता येते. म्हणून मोटार मार्गावरून थेट तपासणीच्या टेबलावर आणायची, मध्ये कुणी हात लावायचा नाही, असा दंडक आहे. काट्यावर दोन ग्रॅम कमी भरले तर ती फेरी बाद. स्क्रू गळून पडला होता की मुद्दाम काढला होता, हे काटा विचारत नाही. हे कठोर वाटले तरी त्यात एक शहाणपण आहे. हेतू शोधत बसले की वाद वाढतो आणि माणसे दुखावतात. आकड्यावर थांबले की कुणाच्या अब्रूला धक्का न लागता निकाल लागतो.

अलीकडची डोकेदुखी म्हणजे जायरो. मोटार घसरू लागली की पुढची चाके आपोआप उलट दिशेला वळवून तिला सावरणारे हे उपकरण आता नखाएवढे झाले आहे आणि काही रिसिव्हरमध्ये ते आतच बसवलेले असते. मोटार घसरवतच चालवायची अशा ‘ड्रिफ्ट’ प्रकारात त्याला मुभा आहे. शर्यतींत मात्र ते सर्रास वर्ज्य. त्याची एक घरगुती परीक्षा आहे. चालू स्थितीतली मोटार हातात धरून झटकन गर्रकन फिरवायची. कुणी ट्रान्समीटरला स्पर्श न करता चाके वळली, तर आत जायरो आहे. अर्थात, तो ट्रान्समीटरवरच्या एखाद्या बटणाने बंद करता येत असेल, तर ही परीक्षाही तोकडी पडते.

मापकाने न सापडणारी लबाडी

मोटारीत काहीही न बदलता होणारी लबाडी याहून जुनी आहे. पूर्वी फेऱ्या माणसे मोजत. पुढे प्रत्येक मोटारीत स्वतंत्र क्रमांकाचा ट्रान्सपॉन्डर आणि मार्गाखाली तारेचे वेटोळे आले. हॉलंडच्या एएमबी कंपनीची, म्हणजे २००८ नंतरच्या मायलॅप्सची, यंत्रणा यात सर्वदूर पोहोचली. फेऱ्यांच्या मोजणीवरून होणारी भांडणे त्यामुळे जवळजवळ संपली. पण वेटोळे असते ते समाप्तिरेषेखाली. मागच्या वळणावर कुणी कडेवरून आत घुसून अंतर वाचवले, तर ते यंत्राला दिसत नाही. अशक्यप्राय कमी वेळेची फेरी संगणक बाजूला काढतो, अर्ध्या सेकंदाची चोरी मात्र पंचाच्या डोळ्यांवरच सोपवलेली असते.

तीच गोष्ट मार्शलची. दोन मोटारी एकाच वेळी उलटल्या तर आधी कोणती उचलायची? जवळची, असा संकेत. मित्राची, असा मोह. आणखी एक प्रकार ‘सँडबॅगिंग’ या नावाने ओळखला जातो. मुरलेला चालक मुद्दाम नवशिक्यांच्या वर्गात नाव नोंदवतो आणि सहज जिंकतो. त्याची मोटार काटेकोर नियमात बसते, पण पहिल्यांदाच आलेला मुलगा पुढच्या रविवारी परत येत नाही. क्लबच्या दृष्टीने याहून मोठे नुकसान कोणते?

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. सरळ पट्ट्यावर आपल्याला मागे टाकणाऱ्या मोटारीची मोटर नक्कीच बेकायदा असणार, हा संशय या छंदात फार लवकर बळावतो. प्रत्यक्षात जी मोटार वळणातून जास्त वेगाने बाहेर पडते, तीच सरळ पट्ट्यावर पुढे जाते. गिअरचे प्रमाण, टायरची निवड आणि चालकाचा हात यांचा वाटा मोटरच्या किरकोळ फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. खोटा आरोप झालेला चालक टेबलावर निर्दोष ठरतो. त्याच्या मागे चालणारी कुजबुज मात्र थांबत नाही. म्हणूनच अनेक नियमावल्यांत तक्रार लेखी, ठरावीक मुदतीत आणि अनामत रक्कम भरून करावी लागते. तक्रार खरी ठरली तर रक्कम परत, खोटी ठरली तर जप्त.

पंच कोण?

या साऱ्याच्या मुळाशी एक अवघड वस्तुस्थिती आहे. क्लबच्या शर्यतीत तपासणीच्या टेबलावर बसणारा माणूस बहुधा स्वतःही स्पर्धक असतो. कित्येक ठिकाणी मैदान चालवणारा गृहस्थ आणि मोटारींचे सुटे भाग विकणारा दुकानदार एकच. ज्याला बाद ठरवायचे तो त्याचा नेहमीचा गिऱ्हाईक. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? त्यात तपासणीची चांगली उपकरणे स्वस्त नाहीत. पंधरा-वीस जणांच्या क्लबने ती घ्यायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

या कोंडीतून मार्ग काढण्याचे काही उपाय अनुभवाने रुजले आहेत. पहिला म्हणजे मोटरीचे वाटप. आयोजक सकाळी सारख्या मोटरींचा खोका मांडतात, चिठ्ठी टाकून एकेक देतात, तिच्यावर खूण करतात आणि संध्याकाळी परत घेतात. तामियाच्या स्पर्धांत अशी पद्धत रूढ आहे. दुसरा, एकाच प्रकारचे टायर सर्वांना देणे. युरोपातील ‘युरो टूरिंग सिरीज’ने ते केले. तिसरा उपाय काही क्लबांत आढळतो. विजेत्याची मोटर ठरावीक रक्कम देऊन कोणीही विकत मागू शकतो आणि विजेत्याला ती द्यावीच लागते. चोरून शंभर डॉलर खर्चून सुधारलेली मोटर तीस डॉलरला द्यावी लागणार असेल, तर तो खर्च करील कोण?

या तिन्ही उपायांत एक साम्य आहे. त्यांना चोर पकडायचा नाही. चोरी करण्यात अर्थच उरू नये, एवढेच त्यांना साधायचे आहे. या छंदाच्या इतिहासात याचा सर्वांत बोलका पुरावा ट्रान्समीटरचा आहे. पूर्वी २७ मेगाहर्ट्झसारख्या लहरींवर मोटारी चालत आणि दोघांचा लहरक्रमांक एकच असला, तर एकाने ट्रान्समीटर सुरू करताच दुसऱ्याची धावती मोटार भरकटे. अपघाताने आणि कधी हेतुपुरस्सरही. त्यासाठी सर्वांचे ट्रान्समीटर आयोजकांच्या ताब्यात ठेवावे लागत, पाळीनुसार दिले जात, त्यावरून वाद होत. २.४ गिगाहर्ट्झची यंत्रणा आली, ट्रान्समीटर आणि रिसिव्हर आपापसांत जोडले जाऊ लागले, आणि हा सगळा प्रकार नियमासकट नाहीसा झाला. त्यासाठी कुणाला शिक्षा करावी लागली नाही.

धडा

जो नियम टेबलावर तपासता येत नाही, तो फक्त प्रामाणिक माणसालाच बांधून ठेवतो. लबाड त्यातून सहज निसटतो आणि प्रामाणिक माणूस हरत राहून अखेर खेळ सोडतो. म्हणूनच नवा नियम करण्यापूर्वी, तो स्वयंसेवकाला पाच मिनिटांत, साध्या साधनांनी आणि कुणाची मोटर न मोडता तपासता येईल का, असा प्रश्न जाणत्या आयोजकांना विचारावा लागतो. उत्तर नकारार्थी असेल, तर ती मोकळीक सर्वांनाच द्यावी किंवा तो भाग आयोजकानेच पुरवावा, हे उत्तम.

एवढे करूनही काही जागा उरतातच. मागच्या वळणावर कोणाची नजर नसताना मार्गावरच राहणे, मित्राच्या आधी जवळची मोटार उचलणे, आपण मुरलो हे ओळखून वरच्या वर्गात जाणे, यांसाठी कोणताही मापक नाही. तिथे उपयोगी पडते ती एकच गोष्ट : पुढच्या रविवारी याच माणसांत पुन्हा यायचे आहे, ही जाणीव. चुकून आपली मोटार दुसऱ्याच्या मोटारीवर आदळली, तर थांबून ती सरळ होईपर्यंत वाट पाहणारे चालक प्रत्येक क्लबात असतात. तसे थांबताना ते आपली जागा आणि काही सेकंद गमावतात. नियमावलीने त्यांना तसे करायला भाग पाडलेले नसते.

शब्दओळख

*स्टॉक* : सर्वांना सारख्याच, मर्यादित शक्तीच्या मोटरीचे बंधन असलेला वर्ग.

*मॉडिफाइड* : मोटरीच्या शक्तीवर फारसे बंधन नसलेला वर्ग.

*वेढे* : मोटरीतील तांब्याच्या तारेच्या फेऱ्यांची संख्या. संख्या जितकी कमी, तितका वेग जास्त.

*स्पीड कंट्रोलर* : बॅटरीतून मोटरीला किती आणि केव्हा वीज द्यायची हे ठरवणारे उपकरण.

*ब्लिंकी* : टायमिंग वाढवणारे सॉफ्टवेअर बंद असल्याचे लुकलुकत्या दिव्याने दाखवणारी कंट्रोलरची स्थिती, त्यावरून पडलेले वर्गाचे नाव.

*ट्रान्सपॉन्डर* : समाप्तिरेषेखालील वेटोळ्यावरून जाताना मोटारीची ओळख पटवणारे छोटे उपकरण.

*मार्शल* : मार्गावर उलटलेल्या मोटारी सरळ करणारा, बहुधा आधीच्या फेरीतील स्पर्धक.

*सँडबॅगिंग* : अनुभवी चालकाने मुद्दाम खालच्या वर्गात भाग घेणे.